व्हीएमवेअर ७ वरून प्रॉक्समॉक्स ९: चाचणीत चार ठिकाणी अडलं आहे, पुढचं नियोजन कसं करावं?

वर्कशॉप_आयटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंग कारखान्यातला सेटअप आहे. तीन डेल पॉवरएज आर७४०, प्रत्येकात १६ कोअरचे दोन झिऑन गोल्ड आणि ३८४ जीबी रॅम. वर ईएसएक्सआय ७.० (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), सोबत व्हीसेंटर (त्याचं मध्यवर्ती व्यवस्थापन). स्टोरेज आयस्कझीवर (नेटवर्कवरून डिस्क देणारी पद्धत) आहे: दोन कंट्रोलरचा सॅन (सगळ्या सर्व्हरचा सामायिक डिस्क-साठा), १० गिगाबिट, वापरायला मिळणारी जागा ३० टीबी. त्यात व्हीएमएफएसचे (व्हीएमवेअरची फाइल सिस्टिम) ८ टीबीचे तीन लन (सॅनमधून कापून दिलेली डिस्क), बाकीचे ६ टीबी अजून कोणाला दिलेले नाहीत. एकूण ४२ व्हीएम, त्यात विंडोज सर्व्हर २०१६ आणि २०१९ च्या २७, बाकी रॉकी लिनक्स ८ आणि डेबियन. एक जुनी २००८ आर२ पण आहे, तिच्यावर यूएसबी डोंगलवालं (परवान्याची किल्ली) डिझाइन सॉफ्टवेअर चालतं. सगळ्या व्हीएमना मिळून दिलेली रॅम ६१० जीबी. डिस्क सगळ्या थिन (लिहिलं तेवढीच जागा घेणाऱ्या), दिलेला आकार २१ टीबी, प्रत्यक्ष वापर १३ टीबी.

७.० चा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नूतनीकरणाचा खर्च पाहून व्यवस्थापनाने प्रॉक्समॉक्सकडे (व्हीएम चालवणारी दुसरी प्रणाली) जायचं ठरवलं आहे. तीन जुन्या सर्व्हरवर चाचणीचं क्लस्टर (एकत्र काम करणारे सर्व्हर, त्यातला प्रत्येक म्हणजे नोड) बांधलं, सॅनमधून एक छोटा लन दिला, आणि ईएसएक्सआयवरून आयात करणारा विझार्ड वापरून काही व्हीएमच्या प्रती आणल्या. तिथे हे अडलं:

१. सर्व्हर २०१६ ला निळा स्क्रीन, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, कोड ०एक्स७बी.
२. रॉकी ८ ड्रॅकटच्या (बूटची सुरुवातीची प्रतिमा बांधणारं साधन) इमर्जन्सी शेलमध्ये थांबतं, रूट व्हॉल्यूम सापडत नाही म्हणतं.
३. आयस्कझीच्या लनवर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-विभागणी) केलं, व्हीएम चालतात, पण स्नॅपशॉटचं (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपणं) बटण बंद. मग बॅकअप कसा घ्यायचा?
४. सगळ्यात वाईट म्हणजे, रात्री बॅकअप चालू असताना दोन नोड आपोआप रीबूट झाले. हार्डवेअरच्या लॉगमध्ये काही नाही.

प्रत्यक्ष बदल दोन-तीन शनिवार-रविवारमध्ये करायचा आहे. क्रम काय ठेवावा?

---

कोरम_तीन

आधी चौथा मुद्दा, कारण तो सुटल्याशिवाय बाकी काहीच सुरू करू नका.

हार्डवेअरमध्ये बिघाड नाही. नोडने स्वतःला जाणूनबुजून रीबूट केलं आहे. व्हीएम एचएमध्ये (नोड पडला की त्याच्या व्हीएम दुसरीकडे सुरू करणारी सोय) घातल्या की त्या नोडवर वॉचडॉग (पहाऱ्याचा टायमर) चालू होतो. नोडचा कोरम (क्लस्टरमधल्या मतांचं बहुमत) गेला आणि साधारण ६० सेकंदांत परत आला नाही, तर वॉचडॉग मशीन रीसेट करतो, म्हणजे तीच व्हीएम दुसऱ्या नोडवर सुरक्षितपणे सुरू करता येते. तुमच्याकडे कोरम का गेला असेल? कोरोसिंक (नोडना एकमेकांच्या संपर्कात ठेवणारी सेवा), आयस्कझी आणि बॅकअप एकाच १० गिगाबिटच्या जोडीवर आहेत ना? बॅकअपने लिंक भरली की कोरोसिंकची छोटी पाकिटं रांगेत अडकतात. त्याला बँडविड्थ जवळजवळ लागतच नाही, पण उशीर अजिबात चालत नाही. नोडमधलं अंतर ५ मिलिसेकंदांच्या आत हवं, आणि तेही सतत.

खात्री करायची तर जर्नलमध्ये त्या रात्रीच्या कोरोसिंकच्या ओळी बघा. टोकन (नोडमध्ये फिरत राहणारा छोटा संदेश) २७३७ मिलिसेकंदांत मिळालं नाही, अशा अर्थाची ओळ दिसेल. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये टोकनची मुदत ३६५० मिलिसेकंद असते (मूळ ३०००, दोनपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक नोडमागे ६५०), आणि ७५ टक्के वेळ उलटली की ही सूचना येते. त्यापाठोपाठ 'लिंक डाउन' दिसलं की निदान पक्कं. नोडचं घड्याळ बरोबर नसेल तर तिघांचे लॉग जुळवताना फार गोंधळ होतो, म्हणून क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) आधी तपासा.

उपाय सोपा आहे. आर७४० मध्ये नेटवर्क डॉटर कार्डवर १ गिगाबिटचे पोर्ट असतील तर त्यातला एक फक्त कोरोसिंकला द्या, वेगळ्या छोट्या स्विचवर किंवा निदान वेगळ्या व्हीएलएएनवर. ही लिंक शून्य. व्यवस्थापनाचं नेटवर्क लिंक एक म्हणून द्या, म्हणजे स्विच गेला तरी दुसरी वाट राहते. कोरोसिंकसाठी एलएसीपीचा बाँड (अनेक पोर्ट बांधून केलेली एक जोडणी) करू नका. कोरोसिंकला स्वतःला दोन लिंक सांभाळता येतात, आणि बाँड तुटल्यावर सावरायला जो वेळ घेतो तेवढ्यात टोकन हुकतं. फायरवॉलमध्ये यूडीपी ५४०५ ते ५४१२ मोकळे ठेवा.

क्लस्टर आधीच बांधलेलं असेल तर कोरोसिंकची फाइल थेट उघडून बदलू नका. तिची प्रत काढा, प्रतीत बदल करा, कॉन्फिग व्हर्जनचा आकडा एकने वाढवा, आणि मग प्रत मूळ जागी हलवा. अर्धवट सेव्ह झालेली फाइल तिन्ही नोडवर एकाच क्षणी पोचते, आणि मग तिघेही एकदम बसतात.

आणि हो, स्थलांतर पूर्ण होईपर्यंत एचए बंदच ठेवा.

---

ब्लॉकस्टोरेज

मुद्दा ३ साठी. इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या वेगळ्या करू.

बॅकअपला स्टोरेजचा स्नॅपशॉट लागत नाही. प्रॉक्समॉक्सचा 'स्नॅपशॉट' पद्धतीचा बॅकअप क्यूईएमयूच्या (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) आत होतो. ज्या ब्लॉकवर नवीन लिहिणं येतं तो ब्लॉक आधी बॅकअपला पाठवला जातो, मग त्यावर लिहिलं जातं. त्यामुळे जाड (डिस्कची पूर्ण जागा आधीच राखणाऱ्या) एलव्हीएमवरही चालू व्हीएमचा बॅकअप नीट होतो. याचाच तोटा असा की बॅकअप सर्व्हर धीमा असेल तर व्हीएमचं लिहिणंही धीमं होतं. डेटाबेसच्या व्हीएमवर लगेच जाणवतं. त्यासाठी बॅकअप जॉबच्या प्रगत पर्यायांत फ्लीसिंग आहे (८.२ पासून). जुना ब्लॉक आधी नोडवरच्या वेगवान डिस्कवर टाकला जातो आणि तिथून निवांत बॅकअपला जातो. नोडमध्ये दोन एसएसडी असतील तर हा पर्याय जरूर लावा. तुमच्या रात्रीच्या गोंधळात याचाही वाटा असू शकतो.

खरे स्नॅपशॉट हवेत, म्हणजे पॅच लावण्याआधी घेऊन नंतर परत फिरायचं आहे, तर ९.० मध्ये शेअर्ड एलव्हीएमवर व्हॉल्यूम चेनची सोय आली आहे. स्टोरेज जोडताना तो पर्याय चालू करावा लागतो आणि डिस्क क्यूकाऊ२ स्वरूपात हवी. आधी रॉ म्हणून आणलेल्या डिस्कना तो लागू होत नाही, त्या डिस्क हलवून स्वरूप बदलावं लागतं. ९.० मध्ये ही सोय टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू म्हणून दिली आहे, त्यामुळे ईआरपीच्या डेटाबेसवर आजच लावू नका असं माझं स्पष्ट मत. दुसरं, प्रत्येक स्नॅपशॉटला डिस्कच्या पूर्ण आकाराएवढा नवा व्हॉल्यूम लागतो. २ टीबीच्या फाइल सर्व्हरवर दोन स्नॅपशॉट ठेवले की ६ टीबी गेले.

इथून मूळ काळजीकडे. तुम्ही १३ टीबी वापर लिहिलाय, पण एलव्हीएमसाठी तुमचा आकडा २१ टीबी आहे. व्हीएमएफएसवर थिन असलेली डिस्क इथे पूर्ण आकाराने बसते. ३० टीबीमध्ये २१ बसतात, पण जुना आणि नवा संसार एकाच वेळी बसत नाही. म्हणून हप्त्याहप्त्याने:

मोकळ्या ६ टीबीचा पहिला लन प्रॉक्समॉक्सला द्या. साधारण ५ टीबीच्या व्हीएम हलवा, हलवलेल्या व्हीएमच्या मूळ प्रती बंद करून ठेवा, पुसू नका. मग स्टोरेज व्हीमोशनने (व्हीएमच्या डिस्क दुसऱ्या लनवर हलवण्याची व्हीएमवेअरची सोय) एक व्हीएमएफएस लन रिकामा करा. १३ टीबी उरलेल्या दोन लनच्या १६ टीबीत बसतात, जरा घट्ट बसतील, पण थिन असल्यामुळे जमेल. रिकामा लन व्हीसेंटरमधून अनमाउंट आणि डिटॅच करून मगच सॅनवर काढा. नुसता सॅनवरून खेचला तर ईएसएक्सआय त्याला 'सगळ्या वाटा गेल्या' समजतं आणि होस्टचं व्यवस्थापन अडकतं. तो ८ टीबी नवा लन म्हणून प्रॉक्समॉक्सला द्या. पुन्हा तेच, फक्त आता १३ टीबी एका लनच्या ८ टीबीत बसत नाहीत, म्हणून आधी हलवून तपासलेल्या व्हीएमच्या जुन्या प्रती पुसाव्या लागतील.

सॅनवरचं मास्किंग (कोणता लन कोणाला दिसावा हे ठरवणं) हा या सगळ्यातला सर्वात धोक्याचा भाग. प्रॉक्समॉक्सच्या आयक्यूएनना (आयस्कझीवरची ओळख-नावं) व्हीएमएफएसचे लन दिसताच कामा नयेत आणि ईएसएक्सआयला एलव्हीएमचे. आयात ईएसएक्सआयच्या एपीआयमधून होते, तिला व्हीएमएफएस लन जोडलेला लागत नाही. लिनक्सला व्हीएमएफएस ही एक साधी अनोळखी डिस्क दिसते, आणि चुकीच्या डिस्कवर पीव्ही (एलव्हीएमसाठी डिस्क नव्याने तयार करणं) तयार करायला एक कमांड पुरते. लन देण्याआधी डब्ल्यूडब्ल्यूआयडीचे (प्रत्येक लनचा वेगळा ओळख-क्रमांक) शेवटचे आकडे सॅनच्या पानावर आणि नोडवर, दोन्हीकडे डोळ्यांनी जुळवा.

मल्टिपाथ (एकाच लनकडे जाणाऱ्या अनेक वाटा एकत्र सांभाळणं) प्रॉक्समॉक्समध्ये आयतं येत नाही, मल्टिपाथ-टूल्स पॅकेज प्रत्येक नोडवर घाला, डब्ल्यूडब्ल्यूआयडी यादीत टाका, आणि चारही वाटा 'ॲक्टिव्ह रेडी' दिसल्यावरच मल्टिपाथच्या डिव्हाइसवर पीव्ही करा. एकाच वाटेच्या एसडीबी, एसडीसी अशा नावावर पीव्ही केलं तर चालेल, पण तो कंट्रोलर रीबूट झाला की सगळ्या व्हीएम एकदम बंद. आयस्कझीचे दोन पोर्ट दोन वेगळ्या सबनेटमध्ये ठेवा, बाँड नको. जंबो फ्रेम (९००० बाइटची मोठी पाकिटं) असतील तर तुकडे न करण्याच्या पर्यायासह ८९७२ बाइटचं पिंग प्रत्येक वाटेवर मारून बघा (९००० मधून हेडरचे २८ वजा). एखाद्या स्विच पोर्टवर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० राहिला असेल तर लॉगिन होतं, लन दिसतो, आणि मोठं लिहिणं सुरू झालं की लटकतं. त्याचा शोध घेण्यात रात्र जाते.

---

ड्रायव्हर_पुराण

मुद्दा १ आणि २ चं मूळ एकच: नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी हजर नाही.

विंडोजसाठी: व्हीएम ईएसएक्सआयवर चालू असतानाच व्हर्टआयओ-विनचा (प्रॉक्समॉक्सच्या आभासी उपकरणांचे विंडोज ड्रायव्हर) आयएसओ जोडून गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा. एवढ्याने बहुतेकांना वाटतं काम झालं, पण नाही. ड्रायव्हर डिस्कवर येतो, तरी त्या प्रकारचं उपकरण विंडोजने कधी पाहिलेलं नसतं, म्हणून बूटच्या वेळी तो चढवला जात नाही. म्हणून आयात विझार्डच्या प्रगत पानावर 'व्हर्टआयओ-स्कझीची तयारी' या पर्यायावर टिक करा. तो बूट डिस्क साटावर लावतो आणि कंट्रोलर व्हर्टआयओ-स्कझी करतो. मग १ जीबीची एक रिकामी डिस्क स्कझीवर जोडा आणि व्हीएम सुरू करा. साटावरून विंडोज उठतं, छोटी डिस्क पाहून ड्रायव्हर बसवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रेड हॅटचा स्कझी कंट्रोलर पिवळ्या खुणेशिवाय दिसला की व्हीएम बंद करा, छोटी डिस्क काढा, मूळ डिस्क साटावरून डिटॅच करून स्कझी शून्यवर जोडा. आणि ऑप्शन्समध्ये बूट ऑर्डर! डिस्क डिटॅच केली की ती बूटच्या यादीतून जाते, आणि 'बूट डिव्हाइस नाही' असा संदेश आला की लोक पुन्हा ड्रायव्हर शोधत बसतात.

त्यानंतर विंडोजच्या दोन खोड्या. एक, डेटाच्या डिस्क 'ऑफलाइन' येतात. सर्व्हर आवृत्तीची सॅन पॉलिसी नव्या शेअर्ड बसवरच्या डिस्क आपणहून चालू करत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ऑनलाइन करा, नाहीतर स्थलांतराआधीच डिस्कपार्टमध्ये सॅन पॉलिसी 'ऑनलाइन ऑल' करून ठेवा. एसक्यूएल सर्व्हर सुरू होत नाही म्हणून डेटाबेस खराब झाला असं समजून रिस्टोअर सुरू करण्याआधी हे बघा. दोन, स्थिर आयपी जुन्या व्हीएमएक्सनेट३ कार्डाला चिकटलेला राहतो. नव्या कार्डाला तोच आयपी देताना 'हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे' असं येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून जुनं कार्ड काढून टाका. हलवण्याआधी आयपी, गेटवे, डीएनएस आणि हातानं घातलेले रूट यांची मजकूर फाइल त्या सर्व्हरवर नको, तुमच्या लॅपटॉपवर ठेवा.

व्हीएमवेअर टूल्स ईएसएक्सआयवर असतानाच काढा. प्रॉक्समॉक्सवर आल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर बहुतेक वेळा नकार देतो. मात्र टूल्ससोबत पीव्हीस्कझी आणि नेटवर्कचे ड्रायव्हरही जातात, म्हणून ती अगदी शेवटची पायरी: काढा, रीबूट नको, सरळ शटडाउन. परत फिरायची वेळ आली तर टूल्स काढण्याआधीचा बॅकअप लागेल, तो त्याच दिवशीचा असू द्या. ईएसएक्सआयचा स्नॅपशॉट घेऊन ठेवण्याचा मोह टाळा. स्नॅपशॉट असलेल्या व्हीएमची आयात खूप रेंगाळते.

रॉकी ८: तिथे ड्रॅकट फक्त त्या मशीनला लागणारे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (बूटची सुरुवातीची प्रतिमा) भरतो. आता अडकलेल्या व्हीएमसाठी ग्रबच्या मेनूत शेवटची 'रेस्क्यू' नोंद निवडा. ती प्रतिमा सर्व हार्डवेअर धरून बांधलेली असते, त्यामुळे मशीन उठतं. आत जाऊन ड्रॅकट फोर्स आणि रीजनरेट-ऑल पर्यायांनी चालवा. आता समोर व्हर्टआयओ आहे, त्यामुळे योग्य ड्रायव्हर भरले जातात. ज्या व्हीएम अजून आणायच्या आहेत त्यांच्यावर ईएसएक्सआयवरच नो-होस्टओन्ली पर्यायाने चालवून ठेवा. डेबियनला याची गरज पडत नाही, तिथे इनिटरॅमएफएस मुळातच सगळं घेऊन बांधतात.

नेटवर्क कार्डाचं नाव मात्र दोन्हीकडे बदलतं. ईएनएस१९२ होतं ते आय४४०एफएक्स प्रकारच्या आभासी मशीनवर ईएनएस१८ आणि क्यू३५ वर ईएनपी६एस१८ होतं. नेटवर्कमॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये नावाऐवजी मॅक पत्त्याशी जोडणी केली तर हा प्रश्नच राहत नाही. मॅक तोच ठेवा, परवाने मॅकला बांधलेले असतात. पण मग जुनी प्रत नेटवर्कसह चुकूनही सुरू होऊ नये, म्हणून तिचं नेटवर्क कार्ड व्हीसेंटरमध्ये 'डिस्कनेक्ट' करून ठेवा.

यूईएफआयवाल्या व्हीएमना बायोस ओव्हीएमएफ आणि एक ईएफआय डिस्क हवी. काही लिनक्स तरीही उठत नाहीत, कारण बूटची नोंद जुन्या एनव्हीरॅममध्ये राहिली. सुरू होताना एस्केप दाबा, बूट मेंटेनन्समध्ये जाऊन ईएफआय फाइल दाखवून नवी नोंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) असेल तर आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की हाताशी ठेवा. व्हर्च्युअल टीपीएममधला मजकूर सोबत येत नाही.

२००८ आर२ ला हे काहीच करू नका. डिस्क साटावर, नेटवर्क ई१००० वर, तशीच चालू द्या. डोंगल यूएसबी पासथ्रूने दिला तर ती व्हीएम त्या एका नोडला बांधली जाते, लाइव्ह मायग्रेशन नाही, एचए नाही. नेटवर्कवरून यूएसबी देणारा छोटा डबा मिळतो, त्यात डोंगल लावला की सुटलात.

---

जुना_व्हीस्फिअर

निर्णय झालाय असं लिहिलंत, तरी एकदा दुसरी बाजू मांडतो. व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर मिळून) ८ चा सर्वसाधारण सपोर्ट ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे आणि आर७४० वर ते चालतं. ७ वरून ८ ला जाणं म्हणजे आधी व्हीसेंटर (नवं अप्लायन्स तात्पुरत्या आयपीवर उभं राहतं आणि डेटा ओढून घेतं), मग एकेक होस्ट, मग टूल्स, सर्वात शेवटी व्हीएमची हार्डवेअर आवृत्ती. परवाना कोअरवर आहे, प्रत्येक सीपीयूमागे किमान १६ कोअर, म्हणजे तुमचे ९६. ज्या सॉफ्टवेअरचा विक्रेता फक्त व्हीएमवेअरवरच सपोर्ट देतो, तेवढ्यासाठी तरी लेखी उत्तर मागवून घ्या. नंतर तक्रार नोंदवताना हाच प्रश्न पहिला येतो.

कोणताही मार्ग घेतलात तरी एक गोष्ट तपासा: होस्ट एसडी कार्डच्या जोडीवरून बूट होतात का? आर७४० मध्ये हे फार दिसतं. ईएसएक्सआय ७ पासून बूटच्या उपकरणावर लिहिणं वाढलं आणि एसडी कार्डं मरायला लागली. प्रॉक्समॉक्ससाठी तर ती चालणारच नाहीत, तिथे लॉग आणि क्लस्टरचा डेटाबेस सतत लिहिला जातो. बॉस कार्ड (दोन एम.२, हार्डवेअर मिरर) किंवा पुढच्या कप्प्यात दोन छोट्या एसएसडी घ्या.

---

वर्कशॉप_आयटी

सर्वांचे मनापासून आभार. बघितलं:

कोरोसिंकच्या लॉगमध्ये २७३७ ची ओळ जशीच्या तशी आहे, बॅकअप सुरू झाल्यावर चार मिनिटांनी. सगळं एकाच जोडीवर होतं. १ गिगाबिटचे दोन पोर्ट मोकळे आहेत, ते वेगळे काढतो. रॉकी रेस्क्यूमधून उठली. २०१६ छोट्या डिस्कच्या युक्तीने उठली, आणि डेटाची डिस्क खरंच ऑफलाइन होती.

होस्ट एसडी कार्डवरच आहेत. बॉस कार्डं मागवतो.

आता दोन शंका. एक, आयात फार हळू आहे, ६० एमबी प्रतिसेकंदच्या आसपास. अशाने २१ टीबी कधी होणार? दोन, होस्ट रिकामे करायचा क्रम. तिसरा नोड येईपर्यंत दोनच नोड असतील तेव्हा कोरमचं काय? सीपीयूचा प्रकार 'होस्ट' ठेवू का, तिन्ही मशीन सारखीच आहेत?

---

ब्लॉकस्टोरेज

वेगाचं आधी बघू. आयातीचं स्टोरेज जोडताना व्हीसेंटरचा पत्ता दिला असेल तर तो काढा आणि प्रत्येक ईएसएक्सआय होस्टचा स्वतःचा पत्ता द्या. व्हीसेंटरमार्गे वेग खूप पडतो. मग व्हीएमके० (ईएसएक्सआयची व्यवस्थापनाची नेटवर्क जोडणी) कुठल्या पोर्टवर आहे ते पाहा. डेटा व्यवस्थापनाच्या आयपीवरून येतो. ते १ गिगाबिटवर असेल तर कितीही केलं तरी ११० एमबीच्या वर जाणार नाही, आणि २१ टीबीला ५३ तास लागतील. शिवाय थिन डिस्कमधली रिकामी जागाही वाचली जाते, म्हणून हिशोब २१ चाच करा. स्थलांतरापुरतं व्हीएमके० १० गिगाबिटच्या अपलिंकवर न्या. एका वेळी चारपेक्षा जास्त डिस्क आयात करू नका. ईएसएक्सआय एपीआयच्या जोडण्या मर्यादित ठेवतं आणि ५०३ देऊ लागतं. डेटास्टोअरच्या नावात अधिकचं चिन्ह वगैरे असेल तर आधी साधं नाव द्या.

लाइव्ह इम्पोर्टचा पर्याय आकर्षक वाटतो, व्हीएम लगेच सुरू होते आणि डेटा मागाहून येतो. पण मध्ये आयात तुटली तर सुरू झाल्यापासून लिहिलेलं सगळं जातं. वेब सर्व्हरला चालेल. डेटाबेस आणि फाइल सर्व्हरला नको, त्यांना बंद करूनच हलवा.

मोठा फाइल सर्व्हर असेल तर अजून एक वाट आहे: प्रॉक्समॉक्सवर नवी विंडोज व्हीएम उभी करा, आठवडाभर आधीपासून रोबोकॉपीने (विंडोजची फाइल कॉपी करणारी कमांड) डेटा भरत राहा, आणि शेवटच्या दिवशी फक्त फरक. सर्व्हर बंद राहण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर येतो.

---

कोरम_तीन

होस्टचा क्रम असा. ६१० जीबी रॅम दोन होस्टच्या ७६८ मध्ये बसते, म्हणून तिसरा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये घालून मोकळा करता येतो. व्हीस्फिअर एचएचं ॲडमिशन कंट्रोल (राखीव क्षमता ठेवायला लावणारी अट) तेवढ्यापुरतं सैल करावं लागेल, नाहीतर ते व्हीएम सुरू करू देणार नाही. डिस्ट्रिब्युटेड स्विच असेल तर होस्ट त्यातून नीट बाहेर काढा, मग व्हीसेंटरमधून.

त्या होस्टवर प्रॉक्समॉक्स टाका आणि व्हीएम आणण्याआधीच क्लस्टर तयार करा. जोडल्या जाणाऱ्या नोडवर एकही व्हीएम असून चालत नाही, आणि नोडचं नाव, आयपी नंतर बदलणं त्रासाचं आहे, म्हणून ते आत्ताच कायमचे ठरवा. पहिल्या टप्प्यात किमान २६० जीबी रॅमच्या व्हीएम इकडे यायला हव्यात. तरच उरलेल्या ३५० जीबी एका ईएसएक्सआयवर बसतील आणि दुसरा होस्ट मोकळा होईल. २८० ते ३०० चं लक्ष्य ठेवा. नव्या नोडवर स्थानिक झेडएफएस असेल तर त्याच्या एआरसीची (रॅममधली कॅशे) मर्यादा बघा. ८.१ पासून नव्या इन्स्टॉलेशनला ती रॅमच्या १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी ठेवली जाते. तेवढी रॅम हिशोबातून वजा करा. डेटाबेसच्या व्हीएमवर बलूनिंग (व्हीएमची रॅम गरजेप्रमाणे परत घेणं) बंद.

हे मधले दिवस असे आहेत की कोणत्याही बाजूला एक होस्ट गेला तर त्याच्या व्हीएम उचलायला जागा नाही. म्हणून पहिला आणि दुसरा होस्ट यांच्यात आठवडाभराचं अंतर पडू देऊ नका. सलग शनिवार-रविवारचे दोन दिवस, आणि त्याआधी यूपीएसची बॅटरी आणि जनरेटर दोन्ही तपासून घ्या.

डोमेन कंट्रोलर दोन असतील तर एक तिकडे, एक इकडे, आणि हलवताना पूर्ण बंद करून. प्रॉक्समॉक्सच्या नोडचं डीएनएस आणि वेळ त्याच व्हर्च्युअल डोमेन कंट्रोलरवर अवलंबून ठेवू नका. वीज गेल्यानंतर सगळं एकदम उठताना नोडला नाव सापडत नाही, आणि नाव देणारी व्हीएम त्याच नोडवर असते. तिन्ही नोडची नावं होस्ट्स फाइलमध्ये लिहा, वेळ राउटरकडून किंवा बाहेरच्या एनटीपीकडून घ्या.

सीपीयू: सगळ्यांना 'होस्ट' लावू नका. विंडोजमध्ये व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा चालू असेल तर 'होस्ट' प्रकारावर ती व्हीएम नेस्टेड (व्हर्च्युअलायझेशनच्या आत व्हर्च्युअलायझेशन) होऊन सुस्त पडते, आणि उद्या वेगळ्या पिढीचा चौथा सर्व्हर आला की लाइव्ह मायग्रेशन अडतं. एक्स८६-६४-व्ही३ ठेवा. तुमचे तिन्ही सीपीयू ते सहज देतात, आणि पुढे रॉकी १० घ्यायचं झालं तर त्याला व्ही३ लागतंच.

दोन नोडचा काळ: दोघांपैकी एक रीबूट झाला की दुसऱ्याचा कोरम जातो. चालू व्हीएम चालत राहतात, पण नवी सुरू करता येत नाही, बदल करता येत नाही. त्यासाठी तिसरं मत हवं. कोणतंही छोटं डेबियन मशीन चालेल, जुना डेस्कटॉपही. त्यावर कोरोसिंक-क्यूनेटडी, दोन्ही नोडवर कोरोसिंक-क्यूडिव्हाइस, आणि एका नोडवरून पीव्हीईसीएमने (प्रॉक्समॉक्सची क्लस्टर सांभाळणारी कमांड) क्यूडिव्हाइस (बाहेरचं मत) जोडा. ते मशीन याच क्लस्टरमधली व्हीएम असू नये.

तिसरा होस्ट जोडण्याआधी क्यूडिव्हाइस काढून टाका. विषम नोडच्या क्लस्टरला ते सुचवलेलं नाही, कारण तिथे त्याला एकापेक्षा जास्त मतं मिळतात आणि ते मशीन बंद पडलं की क्लस्टर नाजूक होतं. तिसरा नोड आला की पीव्हीईसीएम स्टेटसमध्ये अपेक्षित मतं ३, कोरम २ आणि दोन्ही लिंक चालू दिसायला हव्यात. मग बॅकअप मुद्दाम दिवसा, पूर्ण जोरात चालवा आणि कोरोसिंकचा लॉग समोर उघडा ठेवा. टोकनची एकही ओळ आली नाही, तर त्या रात्रीपासून एचए चालू करा, सुरुवात कमी महत्त्वाच्या दोन-तीन व्हीएमपासून. बॅकअपमधून एक विंडोज आणि एक लिनक्स व्हीएम वेगळ्या आयडीवर, नेटवर्क काढून रिस्टोअर करून उठवा, आणि मगच उरलेले जुने व्हीएमएफएस लन सॅनवरून पुसा.